जिना दुकानातून जातो

तिच्या घराला स्वतःचा दरवाजा नव्हता. वर जायचं तर आधी खालच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात शिरायचं, काउंटरची फळी उचलायची, वाफेच्या इस्त्रीला वळसा घालायचा आणि लटकलेल्या कोटांच्या मागून जिना चढायचा. लग्न होऊन आली त्या दिवशी कुणाच्या तरी ओव्हरकोटाची बाही तिच्या खांद्यावर पडली होती. नवरा म्हणाला होता, “बघ, गिऱ्हाइकांनाही तू आवडलीस.” तेव्हा तिला हसू आलं होतं.

लग्नामुळे तिचं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं होतं. व्यवसाय व्यवस्थापन आणि वित्त असा तो पदवीचा अभ्यासक्रम. तो पुन्हा सुरू करून दिला सासूबाईंनी. स्वतः जाऊन चौकशी केली, फी भरली, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “सून नाही हो, मुलगीच आहे माझी. शिकतेय.” तिच्या माहेरची माणसं म्हणायची, नशीब काढलंस बाई. तिलाही ते पटायचं. फक्त सकाळचे तास संपले की दुपारी काउंटरवर हजर राहायचं, एवढी एकच अट होती. आणि ती अट म्हणून कुणी कधी घातलेलीच नव्हती, त्यामुळे मोडायची तरी कशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणावं, तर बुक्क्या कुठेच नव्हत्या. नुसतं तोंड दाबलेलं.

ती अभ्यास काउंटरमागे करायची. शर्टांच्या घड्यांना पुस्तक टेकवून ठेवायचं, एक परिच्छेद वाचायचा, एक कोट घ्यायचा. गिऱ्हाइकाला डाग कशाचा ते विचारायचं, कोटाला आकड्याचा बिल्ला टाचायचा, की पुढचा परिच्छेद. खेळतं भांडवल तिने असंच पाठ केलं होतं, आणि त्या प्रकरणाला अजून डाग काढायच्या बेंझिनचा वास येत होता.

इस्त्रीवाल्या मावशी तिला मॅनेजरीणबाई म्हणायच्या.

“काय म्हणतंय पुस्तक आज, मॅनेजरीणबाई?”

“म्हणतंय, सगळा धंदा एकाच माणसावर अवलंबून असेल तर तो धोका असतो.”

“हे सांगायला पुस्तक लागतं होय?” मावशी विजारीची घडी दाबत म्हणाल्या. “आणि तो एक माणूस काय म्हणतो, ते नाही लिहिलेलं?”

ते नव्हतं लिहिलेलं. परीक्षेत तोच प्रश्न आला आणि तिला त्यात वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. आपण कुणाबद्दल लिहितोय, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ध्यानात आलं ते नंतर, एका राखाडी कोटामुळे. सासूबाईंनी तो भलत्याच गिऱ्हाइकाला दिला. तो माणूस कोट घालून एका मयताला जाऊन आला आणि मग परत करायला आला. “बाह्या हातभर लांब आहेत म्हटलं,” एवढंच म्हणाला. सासूबाईंनी इस्त्रीवाल्या मावशींना बोल लावला. बिल्ले तर मावशी बघतच नसत. त्या दिवसापासून सासूबाई प्रत्येक बिल्ला तिच्यापुढे धरू लागल्या. “वाच बघू. तुला सवय व्हायला हवी.” ती वाचायची. पुस्तकातला तो एक माणूस आता तीच होती. सवय कुणाला होतेय, ते दोघींनाही ठाऊक होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, “माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?” आणि विषय रांगेतल्या शेवटच्या कोटासारखा आत सरकवला जायचा.

शेवटच्या वर्षी दोन महिने एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष काम करायचं असतं. त्याशिवाय पदवी मिळत नाही. बाकावरच्या मैत्रिणीबरोबर तिने एका हिशेबतपासनीसांच्या ऑफिसात मुलाखत दिली आणि निवडली गेली. तिथे तिला तिची खुर्ची दाखवली होती. खिडकीजवळची, फिरणारी, पाठीला निळं कापड. त्या खुर्चीकडे जायला कुणाचे कोट बाजूला सारावे लागणार नव्हते. रोज सकाळी घरातून निघायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. तिला त्या कामापेक्षा त्या निघण्याचंच अप्रूप होतं.

जेवताना तिने सांगितलं. सासूबाईंनी ताटातली भाकरी मोडली.

“दोन महिने बिनपगारी लोकांची हमाली? आपलं दुकान काय ओस पडलंय? इथेच कर की. मी देते दाखला लिहून.”

नवरा पाणी प्यायला. तो गाडी घेऊन घरोघरी कपडे पोहोचवायचा आणि घरातले निरोपही तसेच पोहोचवायचा, न उघडता.

नंतर खोलीत ती म्हणाली, “तू काहीतरी बोल ना.”

“मी काय बोलू? तू आईला समजावून बघ. तुझं ऐकते ती.”

“मग तू कशाला आहेस?”

“मला दोघींच्या मध्ये नको ना घेऊस,” तो म्हणाला. पलंगावर तो मध्येच झोपला होता.

तिने भांडण केलं नाही, कारण तिला एक नियम माहीत होता. त्या कामावर देखरेख करणारी व्यक्ती विद्यार्थ्याच्या नात्यातली चालत नाही. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिने सांगितलंही नाही. अर्जावर मुकाट दुकानाचं नाव घातलं. परवानगीआधी कॉलेजचे सर जागा बघायला येतात. ते येतील, नातं विचारतील, नाही म्हणतील. नियमानेच बोलावं, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही. हिशेबतपासनीसांना तिने सांगून ठेवलं, “थोडे दिवस थांबा, येतेच.”

सर आले ते टाय लावून. सासूबाईंनी आधी तो टाय बोटांनी चाचपला, मग माणूस बघितला.

“सरबताचा डाग आहे,” त्या म्हणाल्या. “जाताना काढून देते.”

सर वरमले. कुठे काय काम असतं ते त्यांनी विचारलं. सासूबाईंनी वाफेची इस्त्री दाखवली, कपड्यांची रांग दाखवली, कुणी न्यायलाच न आलेल्या कपड्यांचा कोपरा दाखवला. “हा सगळा हिशेब हीच बघते. मला बघावंच लागत नाही. मुलगीच आहे माझी.”

सरांचं पेन थांबलं. “मुलगी? म्हणजे नात्यातल्या आहेत? मग जमणार नाही, बाई. नियम आहे. यांना बाहेरच कुठेतरी जावं लागेल.”

तिने काउंटरची कड धरली आणि चेहरा होता तसा ठेवला. इस्त्रीवाल्या मावशींची वाफ बंद झाली होती. दारात नवरा पडद्यांचा गठ्ठा उचलून उभा होता.

सासूबाईंची पापणीही लवली नाही.

“अहो, मुलगीच म्हणजे मुलीसारखी. बोलायची पद्धत असते. नातं कसलं? कामाला आहे.”

“पण आडनाव एकच दिसतंय.”

“हे आडनाव काय, दगड उचलला की सापडतं,” सासूबाई हसल्या. “चांगली आहे कामाला. म्हणून लळा लागला.”

सर तिच्याकडे वळले. “बरोबर ना?”

एकच वाक्य लागत होतं. या माझ्या सासूबाई आहेत. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने गठ्ठा जरा वर घेतला, इतका की त्याचा चेहरा दिसेना. मग तिने सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी एक बिल्ला मुठीत आवळून धरला होता, आणि त्या तिच्याकडे बघत होत्या, म्हणजे तिचा आवाज जिथून यायचा तिकडे बघत होत्या. थोड्या बाजूला, खांद्यापाशी.

“हो,” ती म्हणाली. “कामाला आहे.”

सरांनी सही केली. सासूबाईंनी टायचा डाग खरंच काढून दिला. हात अचूक चालत होते. डाग सासूबाई बोटांनीच शोधत.

सर गेले. संध्याकाळी सहाला मावशींनी नेहमीसारखी पिशवी उचलली. तिनेही अंगावरचा एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि काउंटरची फळी वर केली.

“कुठे निघालीस?” सासूबाई म्हणाल्या.

“सुट्टी झाली ना. कामाला असलेल्या बायका सहाला जातात.”

रस्त्यावर मावशी तिच्या बरोबरीने चालत होत्या. “आणि जाणार कुठे, मॅनेजरीणबाई?”

“घरी.”

“घर वर आहे तुझं.”

“तेच तर.”

मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या आपल्या गल्लीत वळल्या. ती बसथांब्यावर जाऊन बसली. एक बस थांबली. चालकाने तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली, बस गेली. मग तिने हिशेबतपासनीसांच्या ऑफिसात फोन लावला. येणं जमणार नाही म्हणाली. पलीकडची बाई म्हणाली, हरकत नाही, दुसरी एक मुलगी थांबलीच आहे. तिने कारणसुद्धा विचारलं नाही. कारण तयार होतं, ते तसंच राहिलं. दिवे लागले. बसायला आणखी एक माणूस आला, त्याला जागा देऊन ती उठली, आणि उठल्यावर पाय ज्या बाजूला वळले त्या बाजूला गेली.

दुकानाचं शटर निम्मं खाली होतं. घरी जायला तिला वाकून आत शिरावं लागलं. सासूबाई एकट्याच रांगेपाशी होत्या. हातात काळा कोट, त्याचा बिल्ला दिव्याखाली, नाकाला लागेल इतका जवळ.

“आलीस?” त्या न वळता म्हणाल्या. “हा सहा आहे की आठ?”

“माझी सुट्टी झालीय, आई.”

सासूबाईंनी कोट खाली केला. “बरं,” त्या म्हणाल्या. “उद्या विचारते.” पुन्हा रांगेकडे वळल्या, चाचपडत एक हँगर मोकळा केला, आणि कोट कुठे अडकवावा ते न कळून हात तसाच वर धरून राहिल्या.

ती कोटांच्या मागे गेली, जिना चढू लागली. खालून हँगरचा आवाज येत नव्हता. अर्ध्यावर ती थांबली.

“आठच असणार,” ती मागे न बघता म्हणाली. “सहा नंबर दुपारीच गेला. मीच दिला.”

खाली हँगर दांडीवर अडकल्याचा आवाज झाला. ती वर गेली आणि तिने भाजी चिरायला घेतली.