नाव बदललं आहे

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात नीतिमत्तेच्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त गुण मला होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की हिला शिकवलं नव्हतं.

मी सोलापूरची. लालबागच्या एका चाळीत घरमालकीण काकींच्या खोलीत भाड्याने राहते. वर्गात माझं कुणाशी फारसं जमलं नाही. 'जेवलंस काय गो?' असं विचारणाऱ्या अख्ख्या मुंबईत त्या एकट्याच. गणपतीला चाळ कोकणात जाते. काकीही दरवर्षी बॅग भरून, सगळ्यांचा निरोप घेऊन निघायच्या. एका दुपारी चहा पिताना त्यांनी मला सांगून टाकलं की नवरा गेल्यापासून दिरांनी त्यांना गावाला बोलावलेलंच नाही. ते पाच दिवस त्या वडाळ्याला मैत्रिणीकडे काढायच्या, आणि येताना परळच्या दुकानातून गुळात घोळवलेलं मालवणी खाजं आणून 'गावचं' म्हणून घरोघर वाटायच्या.

कॉलेजच्या अंकासाठी मी ते लिहिलं. नाव बदललं, चाळ कुठली ते सांगितलं नाही, खाली तशी टीपही दिली. सरांनी विचारलं, "त्यांची परवानगी घेतलीस?" मी बेधडक हो म्हणाले. 'छापू नकोस' असं काकी म्हणाल्या नव्हत्या, हा माझा बचाव. चहा पिताना असं कोण म्हणतं?

लेख फिरत फिरत चाळीच्या ग्रुपवर आला. नाव बघतंय कोण! इतकी वर्षं ते खाजं खाणाऱ्यांना काकींना ओळखायला एक खाजं पुरलं. त्या गणपतीत काकी कुठेच गेल्या नाहीत. गावाहून परतलेल्या शेजारणी त्यांच्या हातावर खाज्याच्या पुड्या ठेवून गेल्या. प्रेमाने ठेवल्या, आणि तेच मला बघवलं नाही.

मी माफी मागितली. काकींनी चार शिव्या घातल्या असत्या तर सुटले असते. त्या एवढंच म्हणाल्या, "तू लिवलंस ता खराच आसा गो. खोटा काय नाय त्यात."

अजूनही माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. काकी बोलतातही. पाणी कमी दाबाने येतंय, गॅसवाला आला नाही. मी समोर बसून ऐकते. आता त्या मला छापता येईल तेवढंच सांगतात.