समेआधीचा हात

आईचा रिपोर्ट सांगायला डॉक्टर सकाळी फोन करणार होते. वेळ जाईना, म्हणून मी पाश्चात्त्य संगीताच्या रोमँटिक काळातल्या एकाच कॉन्चेर्टोची, म्हणजे वाद्यवृंदासोबतच्या व्हायोलिन-रचनेची, दोन रेकॉर्डिंग लावली. पहिलं एका वादकाचं, स्टुडिओतलं, निर्दोष. दुसरं भरल्या सभागृहातलं. त्यात सुरांच्या अवघड चढणीआधी वादक बाईंचा श्वास ऐकू येतो.

आईचा कान ख्यालावर पोसलेला. या संगीतात सम नसते, हे सांगून मी थकले. तरी मांडीवर ताल धरलेला तिचा हात समेसाठी वर जाऊन थांबतोच.

“आपण पोचणार, हे त्याला ठाऊक आहे,” ती पहिल्याबद्दल म्हणाली. “हिला ठाऊक नाही. हिचंच परत लाव.”

सूर तेच, क्रम तोच. बाई तर केव्हाच वर पोचल्या आहेत. तरी त्या श्वासापाशी दर वेळी मी पुढे सरकून बसते. निर्दोष वादन आपण नुसतं ऐकतो. भ्यायलेल्या माणसाबरोबर मात्र चढू लागतो.

श्वास आला. व्हायोलिन चढू लागलं आणि फोन वाजला. मी धडपडत उठले. आईचा हात हवेतच होता.

“थांब,” ती म्हणाली. “आधी तिला पोचू दे.”