एका हाताच्या बांगड्या

दौंडात स्टेशनरोडच्या कडेला बसणाऱ्या आम्हा बायांना एका ठेकेदाराने फसवलं. जागा सोडा, इमारत झाली की रस्त्याकडे तोंड असलेले गाळे देतो, असं तो म्हणाला होता. इमारत झाली. रस्त्याकडचे गाळे त्याने मोबाईलवाल्यांना आणि केकवाल्यांना विकले, मधोमध स्वतःचं काचेचं ऑफिस थाटलं, आणि आम्हाला दिले मागचे, गटाराच्या बोळातले. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली लोक वेगळंच सांगतात.

आमच्यात एक बांगडीवाली चाची होती. तुमच्याही गावात अशी एखादी असेल, जरा निरखून पाहा. ही माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे. आधी हात धरायची, बोटं दाबून एकत्र करायची आणि म्हणायची, "सैल सोड. हाताला भांडू देऊ नको."

मी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. रेल्वे कॉलनीतल्या जुन्या पँटींवर माझा धंदा उभा राहिला. एका स्टीलच्या डब्यापायी मी लोकांच्या कपाटातल्या चांगल्या साड्या बाहेर काढल्या आहेत. घासाघीस करताना मला कुणी हरवलेलं नाही, चाची सोडून. पहिल्या भेटीत तिने माझा डावा हात भरला आणि मग भाव सांगितला.

"फार होतंय, चाची. मी निघाले."

"निघ की. कोण अडवतंय?"

मी हातांकडे पाहिलं. एक भरलेला, एक मोकळा. अशी कोणती सवाष्ण रस्त्याने जाईल? मी मुकाट्याने दुसरा हात पुढे केला.

"भांडेवाली," चाची म्हणाली, "भाव आधी विचारायचा असतो."

मागच्या बोळात माझं थोडंफार भागत होतं. परातीवर बोट वाजवलं की ती कळते. बांगडीला उजेड लागतो. हिरवी कुठली आणि काळी कुठली हे दिसेना, तेव्हा बायका यायच्या बंद झाल्या. मी ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन भांडले. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "मावशी, तुमचा आवाज भारी हाय. लग्नात मंगलाष्टका म्हणत जा." मी कप तसाच उलटा करून आले. चाचीची लेक शिरूरला दिलेली. तिचा रोज फोन, दुकान बंद कर आणि इकडे ये. चाचीचं एकच उत्तर, "यीन. पर हितनं हरून न्हाई यायचं."

मग त्याच ठेकेदाराच्या मुलीचं लग्न निघालं आणि बांगड्या भरायला बोलावणं आलं चाचीला.

"त्याच्या दारात जाणार तू?" मी विचारलं.

"लगीन पोरीचं हाय. पोरीनं काय केलंय? तू पेटी धर, माझं गुडघं चालंनात."

मी पेटी धरून गेले, दात खात. चाचीने नवरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले, बोटं मोडून दृष्ट काढली. मग नवरीच्या आईला पुढे बसवलं. तिचा एक हात भरला, आणि पेटी बंद केली.

"वहिनी, तुमच्या मापाच्या दुसऱ्या हाताच्या बांगड्या दुकानातच ऱ्हायल्या. चला, जवळच हाय."

"कुणाला तरी धाडते की."

"माप हातावर बघावं लागतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी पेटी छातीशी धरून पुढे झाले. वहिनी मोकळा हात पदराखाली झाकून निघाल्या. मागे बहिणी, जावा, रेशमी साड्या घोट्याच्या वर धरून गटाराच्या बोळात. दुकानात त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली.

"एवढ्या अंधारात बसता तुम्ही?"

"सायबांनी दिलंय," चाची म्हणाली. माझी जीभ वळवळत होती, तर तिने माझं मनगट दाबून धरलं.

वहिनींनी नवऱ्याला फोन लावला. "या. आत्ता." तो पांढऱ्या कपड्यात आला, बूट गटारात बुडवून. वहिनींनी बॅटरी बंद केली आणि त्याच्या हातात एक बांगडी दिली.

"रंग सांगा हिचा."

त्याने ती डोळ्यांशी धरली. "हिरवी."

"लाल हाय, सायब," चाची म्हणाली. दारात जमलेल्या आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

वहिनी हसल्या नाहीत. "ह्या भिंतीपल्याड तुमचं ऑफिस हाय न्हवं? ते फोडा आन् वाट काढा रस्त्याला. हितं उजेड आला की मी दुसरा हात भरीन. तवर पोरीच्या हळदीला अशीच उभी ऱ्हाते."

"अगं, पाव्हणं काय म्हणतील?"

"तेच म्हणते मी. काय सांगू त्यास्नी?"

हळदीच्या आदल्या दिवशी त्याचं टेबल टेम्पोत चढलं. फिरती खुर्ची मी स्वतः उचलून दिली, एवढी मदत तर करायलाच हवी. दुपारी भिंत पडली आणि धुळीतून रस्ता दिसला, रिक्षा दिसल्या, ऊन थेट चाचीच्या दारापर्यंत आलं. चाचीने वहिनींना त्या उन्हात बसवून हात भरला. मी परात घेऊन झाऱ्याने अशी बडवली की केकवाला बाहेर येऊन बघायला लागला. पुढच्याच सणाला रेल्वे कॉलनी लोटली. चाचीला पाणी प्यायला फुरसत नव्हती.

पुढे दोन दिवाळ्या ती उजेडात बसली. मग एके दिवशी तिने पेटी आवरली. "आता लेकीकडं जाते. आता हरकत न्हाई." मी तिला शिरूरच्या गाडीत बसवून दिलं. गेल्या उन्हाळ्यात ती तिथेच वारली.

आणि आता त्या वाटेवर ठेकेदाराने पाटी लावली आहे. 'महिला विक्रेत्यांना सप्रेम भेट', खाली त्याचं नाव, वरच्या ओळीहून मोठ्या अक्षरात. आमचाच हक्क आम्हाला भेट कसा काय मिळाला, साहेब? चाचीला अंधारात कुणी बसवलं, तेही पाटीवर लिहा की. लिहायचं नसेल तर इथे येऊन, बाजारच्या गर्दीत, तोंडाने सांगा. मी त्या पाटीखालीच स्टूल टाकून बसले आहे.