बाळापूरचं अंजीर

समोर काहीही आलं की चाचा ते आधी बोटाच्या पेराने ठोकून पाहायचे. टायर ठोकणं तर त्यांचं कामच होतं. पण माठ, टरबूज, ऑफिसात नवीन आलेलं कपाट, भिंतीचा गिलावा, एकदा तर खोकणाऱ्या कंडक्टरची पाठसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटली नाही. ठोकायचं, कान तिरका करून ऐकायचं आणि मग निकाल द्यायचा. निकाल बहुतेक वेळा एकच असे, "हवा धरू द्या." म्हणजे आत्ता काही करू नका, जरा थांबा, काय व्हायचं ते आपोआप समजेल.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल, ज्याच्याशी आपला कामाचा संबंध फारसा येत नाही, पण तो रजेवर असला की दिवस अळणी जातो. अकोल्याच्या आमच्या बस आगारात ते टायर विभागात होते आणि मी वरच्या मजल्यावर हजेरीचा बाबू. सगळा डेपो त्यांना चाचा म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. मला ते बाबूजी म्हणत. नवीन साहेब आला आणि सगळे त्याच्याविषयी कुजबुजू लागले की चाचा म्हणत, हवा धरू द्या. कुणाचं लग्न ठरलं आणि मुलगी कशी आहे अशी चौकशी सुरू झाली, तरी तेच. पंक्चर काढलेली ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून ते जेवढा वेळ बघत बसत, तेवढा वेळ आमचे डॉक्टरही पेशंटकडे पाहत नाहीत.

त्यांचं घर जुन्या शहरात. दोन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात अंजिराचं झाड. ते झाड त्यांचं नव्हतं, चाचीचं होतं, असं ते स्वतःच सांगत. चाचीचं माहेर बाळापूरचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा तिथल्या परसातल्या अंजिराची हातभर काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून तिने अकोल्याला आणली. कंडक्टर ओळखीचा. लेकराचं अर्धं तिकीट फाडू का, म्हणून त्याने चाचीची थट्टा केली होती. ती काडी रुजली. चाची गेली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण झाडाचा विषय निघाला की चाचा "बाळापूरवाली" असंच म्हणत, आणि ते झाडाविषयी बोलताहेत की चाचीविषयी, हे ऐकणाऱ्याला थोडा वेळ कळत नसे.

दर आषाढात ते झाडाला गुटी बांधत. कामाची पद्धत सगळी टायर विभागातली. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर रुंदीची साल गोल काढायची, चीक वाळू द्यायचा, मग कुजलेलं शेणखत आणि नारळाची शेंडी ओली करून तिथे लाडवासारखी थापायची, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि दोन्ही टोकं जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळायची. सुतळी त्यांना मंजूर नव्हती. सुतळी कुजते, रबर फांदीबरोबर फुगतं, असं त्यांचं म्हणणं. दीड-दोन महिन्यांनी प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसल्या की फांदी खालून कापून घ्यायची. अंजिराच्या चिकाने त्यांच्या हातांची कातडी सोलून निघायची आणि ते तसेच आमच्याबरोबर डबा खायला बसायचे.

ही रोपं ते वाटत. अट एकच होती. ज्याला पाहिजे त्याने स्वतः यायचं आणि रोप मांडीवर घेऊन जायचं. डिक्कीत नाही, कॅरिअरला बांधून नाही. एका इंजिनिअर साहेबांनी शिपायाला पाठवलं, तर चाचांनी शिपायाला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं. मीही एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर रोप धरून, जुन्या शहरातून हायवेपलीकडच्या आमच्या कॉलनीत आलो होतो. रस्त्यात भेटलेला प्रत्येक ओळखीचा माणूस हसला.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. इतकी वर्षं हे मी चारचौघांत सांगितलेलं नाही.

आमच्या कॉलनीत नळाला पाणी येतं तो सणाचा दिवस असतो. बाकी सगळं बोअरवर, आणि बोअर खारपाणपट्ट्यातलं, पाणी खारट. अंजिराचं रोप मी अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावलं आणि हिवाळाभर नळाचं गोडं पाणी तांब्याने मोजून घातलं. झाडाने पानं काढली. मग मे महिना आला, अकोल्याचा मे. घरात कूलर सुरू झाला. कूलरच्या टाकीचं पाणी दर दोन दिवसांनी बदलावं लागे, ते गटारात सोडायचं माझ्या जिवावर येई. मी ते बादलीने अंजिराला घालू लागलो. स्वतःच्या काटकसरीचं मला फार कौतुक वाटलं, बायकोलाही दोनदा ऐकवलं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, कूलरच्या गवतावर जो पांढरा थर बसतो तो म्हणजे तेच मीठ, हे डोक्यात यायला झाड मरावं लागलं. आधी पानांच्या कडा जळल्या, मग पानं गळली, आणि मी काडी नखाने खरवडून पाहिली तर आत तपकिरी.

नेमकं त्याच आठवड्यात चाचांनी डेपोत सांगितलं की रविवारी ते आमच्या बाजूला येणार आहेत, तर बाळापूरवालीला भेटून जातील.

मी खरं सांगून टाकायला हवं होतं. टायर विभागात जाऊन, चाचा, मेलं झाड, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्यांची रोपं वाळली त्यांच्याविषयी चाचा काही बोलत नसत, फक्त गप्प होत, आणि ते गप्प होणं मला नको होतं. शनिवारी सुट्टी टाकून मी बडनेऱ्याला गेलो, तिथून अमरावतीच्या एका नर्सरीत. अकोल्यातल्या नर्सरीत चाचांच्या ओळखीचा कुणी भेटला असता तर पंचाईत होती. साधारण तेवढ्याच उंचीचं अंजीर घेतलं, पिशवीत घालून रेल्वेच्या सीटखाली सारलं आणि संध्याकाळी त्याच ड्रममध्ये लावून टाकलं. बायको दारात उभी राहून सगळं पाहत होती. ती एवढंच म्हणाली की, एवढा त्रास खरं बोलायला झाला नसता.

रविवारी चाचा आले. ड्रम ठोकला. एक पान दोन बोटांत धरून उलटं-सुलटं पाहिलं, वाकून मातीचा वास घेतला. मग ते खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि कूलरचं पाणी घालू नका बरं, एवढं बोलले. झाड चांगलं आहे म्हणाले. मी सुटलो.

पुढे ते झाड माझ्याकडे चांगलंच रमलं. ड्रम फोडून मी ते जमिनीत लावलं. फळं येऊ लागली. निम्मी बुलबुल खायचे, निम्मी आम्ही. चाचा निवृत्त झाल्यावरही वर्षातून दोनदा येत, फळ खात, छाटणी कुठे करायची ते दाखवत. मला गुटी बांधायला त्यांनीच माझ्या अंगणात शिकवलं, त्याच खोट्या झाडावर. मी साल वेडीवाकडी काढली की चाकू हातातून घेत आणि पुन्हा देत. दर वेळी मला वाटे, आज सांगू. दर वेळी ते उठून जात आणि सांगायचं राहून जाई. शेवटी तर मलाच ते झाड बाळापूरचं वाटायला लागलं होतं.

मग एका उन्हाळ्यात बाजारात त्यांचा मुलगा भेटला. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, बापासारखाच मितभाषी. त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि दोन खोल्यांत आता भागणार नव्हतं. अंगणात खोली काढायची ठरली होती. त्यासाठी अंजीर तोडावं लागणार होतं, सोमवारी मजूर येणार होते. हे सांगताना तो खाली पाहत होता. मग म्हणाला, "अंकल, अम्मीचं झाड तुमच्याकडं हाय म्हणून बरं. अब्बानं सांगतलं मले. नाई तं मी कुऱ्हाडीले हात लावला नसता."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एका माणसाच्या आईचं झाड माझ्या भरवशावर तुटणार होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतंच.

सकाळीच मी जुन्या शहरात गेलो. चाचा अंगणात बाजेवर बसून तांदूळ निवडत होते. मुलगा दुकानात गेलेला. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं: कूलर, बडनेरा, अमरावतीची नर्सरी, सीटखालची पिशवी. अजून दोन दिवस आहेत, आपण काड्या कापून घेऊ, मी नळाचं पाणी घालीन, असंही म्हणालो. ते तांदूळ निवडतच राहिले.

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "त्याच दिवशी समजलं. तुमच्या पानाले पाच बोटं हाये बाबूजी. बाळापूरवालीले तीन."

मला बसावंसं वाटलं, पण बाजेवर त्यांच्या शेजारी बसायची हिंमत होईना. इतकी वर्षं का बोलला नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, मेलेल्या झाडासाठी कुणी गाडीचं तिकीट काढून अमरावतीला जात नाही. तुम्ही गेलात, म्हणजे झाडाची कदर होती, मग काय बोलायचं.

मग ते उठले आणि मला झाडाजवळ घेऊन गेले. खोडावर ठोकलं. मलाही ऐकू आला तो आवाज, रिकाम्या डब्यासारखा. खोडकिड्याने आतून सगळं पोखरलं होतं, बुंध्याशी भुसा पडला होता. इतक्या वर्षांत वाटलेली रोपंही त्यांनी हिंडून पाहिली होती. कुठे अंगणात फरशी बसली होती, कुठे घर विकलं गेलं होतं. अकोटला एक होतं, ते गेल्या पावसात पडलं.

"दोन बरसाती झाल्या, गुटी बांधून राहिलो. काड्या बी लावल्या. एक बी नाई धरली," ते म्हणाले. "हे झाड आता राहत नाई, बाबूजी. अन् पोराले खोली पाह्यजे. मायचं झाड कुठीच नाई उरलं असं त्याले समजलं, तं तो तोडन नाई. पडक्या झाडासाठी बायको घेऊन भाड्यानं राहायले जाईन. म्हनून मी सांगतलं, तुमच्या घरी हाय. आता तुमी बी तेच सांगजा."

तेव्हा मला कळलं की माझी लबाडी त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती आणि गरज पडली तेव्हा ती कामाला लावली. खरं बोलून मोकळं व्हायला मी गेलो होतो. त्यांनी मला मोकळं केलं नाही. मला थोडा रागही आला, खोटं बोलत नाही. मग त्यांच्या चिकाने सोललेल्या हातांकडे लक्ष गेलं. त्या वर्षीही त्यांनी आशा सोडली नव्हती, काड्या लावून पाहिल्या होत्या. राग गेला.

सोमवारी मी मुद्दाम गेलो. झाड तोडायला फार वेळ लागला नाही, पोकळच होतं. मुलगा पाठ फिरवून विटा रचत होता. चाचांनी हिरवी अंजिरं टोपलीत वेचून घेतली आणि शेजाऱ्यांकडे भाजीसाठी पाठवली. जाताना मुलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी मला विचारलं की, आमची बाळापूरवाली कशी आहे. मी म्हणालो, मजेत आहे.

खोली झाली. नात झाली. नातीला मांडीवर घेऊन चाचा त्याच खोलीच्या उंबऱ्यात बसलेले मी पाहिले आहेत. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखतं म्हणून दुपारी पडले ते उठलेच नाहीत. कब्रस्तानातून परत येताना डेपोतले आम्ही म्हातारे एका टपरीवर थांबलो. जो तो त्यांचीच वाक्यं आठवत होता, आणि ती त्यांच्या आवाजात कुणालाच म्हणता येत नव्हती. त्यांच्याशिवायच्या अकोल्याची मला अजून सवय झालेली नाही.

यंदा भाद्रपदात मुलाचा फोन आला. गच्चीवर त्याने ड्रम ठेवला होता, अम्मीच्या झाडाची एक फांदी मिळेल का, असं अवघडून विचारत होता. मी आषाढातच गुटी बांधून ठेवली होती. तो विचारील असं मला वाटतच होतं.

रविवारी तो लेकीला घेऊन आला. मी फांदी कापून दिली. चीक वाहिला, तो त्याने बोटाने पुसला. अंगणात मोठं झाड होतं, त्याच्याखाली तो बराच वेळ वर पाहत उभा राहिला. मग एक पान तोडून त्याने चुरडलं आणि डोळे मिटून वास घेतला. अंजिराच्या कुठल्याही पानाला तोच वास येतो, पण ते मी कशाला सांगू? त्याने ते पान लेकीच्या नाकाशी धरलं. "घे, पाह्य. तुह्या दादीचं झाड हाय हे." आणि माझ्याकडे पाहिलं. "हाय ना, अंकल?"

"हो," मी म्हणालो. "बाळापूरचं."