वाख, माती आणि आक्का

म्हसवडला आमचं ब्लॉकचं यार्ड आहे. मातीत घायपाताचा वाख, म्हणजे पानातले दोरे, कालवून आम्ही ब्लॉक दाबतो. हा वाख कपड्यांना चिकटून घरी येतो, तसे किस्सेही येतात! घरी मी एकटाच. ऐकायला कुणी नाही, त्यामुळे ते साचतात. मग असं कुणाला तरी धरून बसवावं लागतं. बसा.

*

प्रेसवर आमचे तात्या. एकदा पाचगणीचे एक रिसॉर्टवाले आले. ब्लॉकमधून बाहेर आलेली वाखाची टोकं बघून त्यांनी नाक मुरडलं, "ह्याला दाढी कसली?"

तात्या गंभीरपणे म्हणाले, "नॅचरल हाय साहेब. नको आसंल तर न्हावी बोलावतो!"

साहेबांनी ऑर्डर दिली. वर बजावलं, "दाढी जरा जास्तच ठेवा!"

*

एक रिटायर्ड सुभेदार आले. भावाशी बिनसलेलं, मधे भिंत घालायची होती. तात्यांनी नेहमीप्रमाणे टेस्टिंग म्हणून ब्लॉक कमरेइतक्या उंचीवरून सोडला. नेमका तडा गेला!

"फुटला की वो," सुभेदार म्हणाले.

तात्यांनी ब्लॉक उचलला. दोन्ही तुकडे वाखाला धरून लोंबत होते. "तडा गेला, पर सुटला का?"

सुभेदारांनी लोंबता तुकडा हातानं ओढून बघितला. चहा प्यायले आणि गेले. ती भिंत काही झाली नाही. आमची ऑर्डर बुडाली!

*

वाख तोडायला आक्का. एकुलती मुलगी लग्न होऊन माधवनगरला गेल्यापासून घरी एकट्या. वाखाचे दोन बोटं लांबीचे तुकडे करून ते मोकळे पसरायचे, एवढंच काम. आक्कांनी पहिल्याच दिवशी सगळा वाख फणीनं विंचरून नीट ओळीत लावला! दोरे एकाच दिशेला, त्यामुळे ब्लॉक बिस्किटासारखे मोडले.

तात्या ओरडले, "आवं आक्का, गुंता पायजे, गुंता!"

"गुंता सोडवन्यात जलम गेला माजा," आक्का म्हणाल्या, "आन आता घाल म्हन्तोस व्हय रं?"

*

आक्कांचं घर पत्र्याचं. उन्हाळ्यात नातीच्या अंगावर घामोळं उठतं, म्हणून मुलगी सुट्टीत यायची बंद झाली. मग आक्कांनी एक मातीची खोली बांधायला काढली. तिचे ब्लॉक स्वतः कालवले. ओले ब्लॉक गोणपाटानं झाकतात, ह्यांनी वर स्वतःचं लुगडं घातलं.

तात्या म्हणाले, "आक्का, अंगाई पन म्हना!"

आक्कांनी खरंच म्हटली. ती संपेपर्यंत तात्या प्रेस सोडून उभे राहिले.

त्यातल्या काही ब्लॉकांतून हातभर लांब वाख लोंबत होता. तात्या कात्री घेऊन गेले, तर आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्ये माजं मी बगते."

*

खोली मे महिन्याआधी झाली. आत लय गार. आक्कांनी नातीसाठी लाल रिबिनी आणून ठेवल्या. सुट्टी लागली आणि मुलीचा फोन आला. नातीचा स्विमिंगचा क्लास होता, यंदा जमणार नव्हतं. आक्का "बरं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

रविवारी मी आणि तात्या खोली बघायला गेलो. आक्कांनी चटई टाकली. आठवडाभर प्रेस ओढलेले तात्या पाठ टेकायला भिंतीकडं सरकले.

"आवं, तितं नगं!" आक्का चुलीकडून ओरडल्या. "हिकडं बसा. आत्ताच येनी घातलीया."

आम्ही वळून बघितलं. भिंतीतून लोंबणाऱ्या वाखाच्या, लहान पोरीच्या उंचीवर, दोन घट्ट वेण्या. टोकाला लाल रिबिनी.

तात्या गुपचूप उठून माझ्या शेजारी येऊन बसले.