मांडीवर मावेल एवढा लॅपटॉप

अण्णांच्या गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या कागदावर सही अण्णांचीच झाली. पण कागद त्यांच्यापुढे मी धरला होता, आणि धरताना मी "इथं करा" एवढंच म्हणाले होते. वाचून दाखवला नाही. दाखवला असता तरी काय बदललं असतं? गाठ काही समजूतदारपणे निघून जाणार नव्हती. तरीही ते "इथं करा" माझ्या डोक्यातून जात नाही.

ऑपरेशननंतर मी अण्णांना, माझ्या वडलांना, वैजापूरला परत जाऊच दिलं नाही, इथं संभाजीनगरला माझ्या घरी आणलं. आई गेल्यापासून ते तिकडं एकटेच राहायचे. आता मानेला समोरून भोक, श्वास त्यातूनच, आणि त्यात एक नळी, जी दिवसातून दोनदा काढून धुवायची. नळी कफानं तुंबली तर जीव गुदमरतो, आणि या माणसाला शेजाऱ्याला हाक मारता येत नाही. म्हणून वैजापूर बंद. हा निर्णय मी दवाखान्याच्या जिन्यात नवऱ्याशी बोलताना पाच मिनिटांत घेतला. मी शाळेत शिकवते. प्रश्न विचारायचा आणि वर्ग गप्प राहिला की उत्तरही आपणच देऊन टाकायचं, ही खोड तिथलीच.

बोलण्यासाठी पाटी आणली. पण ऑपरेशनमध्ये खांद्याची नस दुखावली होती. उजवा हात वर उचलला जायचा नाही, पेन्सिल धरली की मनगट थरथरायचं. पाणी, चहा, नको, एवढेच शब्द उमटायचे, तेही आडवेतिडवे. एकदा त्यांनी बराच वेळ घेऊन "घरी" असं लिहिलं. मी म्हणाले, "घरीच तर आहात, अण्णा." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तळव्यानं पाटी पुसली. त्यांना काय म्हणायचंय हे मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, म्हणूनच तसं म्हणाले.

मोबाईल देऊन बघितला. त्यांची बोटं इतकी कोरडी आणि जाड की पडद्याला ती लागलेली कळायचीच नाहीत. मग नवरा म्हणाला, "एखादा छोटा, परवडेल असा लॅपटॉप घेऊ. रोज वापरायला. अण्णांचा जन्म टायपिंगमध्ये गेलाय." हे मला सुचायला हवं होतं. अण्णा तालुक्याच्या कचेरीत टंकलेखक होते. आमच्या वस्तीत टेबलखुर्चीवरची पहिली नोकरी त्यांची. हात मांडीवर टेकवला की खांदा दुखत नव्हता, आणि बोटं तर चांगली होती. मला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू, अण्णांना बोलता येईल याच्यापेक्षा, त्यांचं न बोलणं बघत बसावं लागणार नाही, याचं बरं वाटलं.

आमच्याकडं मोठी वस्तू घ्यायची म्हणजे जाणकाराला विचारल्याशिवाय घेत नाहीत. फ्रिज घेताना एक मावसभाऊ जाणकार होता, गाडी घेताना शेजारचे काका. तसे यावेळीही जाणकार निघाले, आणि भरपूर निघाले. शाळेतले कॉम्प्युटरचे सर म्हणाले, आठ जीबी रॅमच्या खाली बघूच नका. शेजारचे काका म्हणाले, नवा कशाला, कंपन्यांमधून निघालेले जुने मिळतात, मजबूत असतात. नवऱ्याचं म्हणणं, वॉरंटी नसलेली वस्तू दारात आणायची नाही. मी वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले: वजन, बॅटरी, पडदा, किंमत. मला वजनाची काळजी होती. मांडीवर मावला पाहिजे, एका हातानं उचलता आला पाहिजे. आठ दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, आणि मला वाटत होतं की मी अण्णांसाठी काहीतरी करतेय.

अण्णा समोर पलंगावर बसून हे सगळं ऐकायचे. ऐकताना उशीवर बोटं वाजवायचे, दोन्ही हातांची, भराभर. मला त्या आवाजानं काही सुधरायचं नाही. "अण्णा, तेवढी बोटं वाजवू नका हो," मी म्हणायचे. ते थांबायचे. मग ताटाच्या कडेवर, मग स्वतःच्या गुडघ्यावर. डॉक्टरांना विचारायला हवं, हा काही नवीन झटका तर नाही ना, असंही मी नवऱ्याला म्हणाले. अण्णांच्या देखतच म्हणाले. आवाज गेलेल्या माणसाला ऐकूही येत नसावं, असं सगळे वागतात, त्यात मीही होते.

एका रविवारी आम्ही तिघं रिक्षानं औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. अण्णांच्या गळ्याला माझी सुती ओढणी गुंडाळली होती. दुकानदार तोंडाचा गोड. अण्णांना स्टूल दिलं, त्यांच्या कानाशी वाकून "बाबा, आराम से बसा" असं ओरडला, आणि नंतर सगळं मलाच सांगायला लागला. मी एकेक लॅपटॉप मांडीवर ठेवून बघत होते. लोक हसत असतील तर हसोत. शेवटी त्यानं आतून एक चिमुकला काढला, वहीपेक्षा थोडा मोठा.

"लई हलका हे ताई. उचलून तर बघा."

खरंच हलका होता. किंमतही आमच्या आवाक्यातली.

"मराठी येतं का यात?" मी विचारलं.

"येतं म्हंजे? टाइप करायची पण गरज नाय. हे बटन दाबायचं अन् बोलायचं. तुम्ही बोलता, तो लिहितो." आणि त्यानं बटण दाबून, लॅपटॉप उचलून, हसत हसत अण्णांच्या तोंडासमोर धरला. "बोला बाबा, कायबी बोला."

अण्णांनी ओढणी थोडी खाली केली. दुकानदाराचा चेहरा उतरला. "माफ करा ताई, मालूम नव्हतं," असं तो म्हणाला, तेही मलाच. पडद्यावर आमच्यामागच्या रस्त्यावर कुणी रिक्षावाला ओरडत होता त्याचे दोन शब्द उमटले होते.

त्या गडबडीत अण्णांनी हात पुढे केला आणि काउंटरच्या काचेवर बोटं वाजवायला सुरुवात केली. मग त्या चिमुकल्या लॅपटॉपवर हात ठेवले, आणि मान हलवली. नाही, नाही. पुन्हा काचेवर बोटं, पुन्हा लॅपटॉपवर, पुन्हा मान. मला लाज वाटली, दुकानदाराची दया आली, अण्णांचा राग आला. मी त्यांचा हात धरून काचेवरून उचलला. "असू द्या अण्णा, आम्ही बघतो." आणि आम्ही बघितलं. हलका होता तोच घेतला.

घरी आल्यावर नवऱ्यानं मराठी सुरू करून दिलं. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, मी मोबाईलवर करते तसंच. लॅपटॉप अण्णांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पाठ ताठ केली, बोटं ठेवली, आणि नजर समोरच्या भिंतीवर लावून टाइप करायला लागले. हातांकडं बघतच नव्हते. काय वेग होता! माझ्या लहानपणी मी त्यांच्या कचेरीत डबा घेऊन जायचे तेव्हा बघितलेला वेग. नवरा आणि मी एकमेकांकडं बघून हसलो.

मग पडद्याकडं बघितलं. एक शब्द धड नव्हता. क जिथं असायला हवा तिथं द, र च्या जागी ज, मध्येच दोन-दोन अक्षरं, कारण इवल्या बटणांवर त्यांचं एक बोट दोन ठिकाणी पडत होतं. अण्णांनीही बघितलं. पुन्हा सावकाश केलं, एकेक बोट टेकवून. तरी तेच. त्यांनी हात पायजम्याला पुसले आणि झाकण मिटवलं. पुढचे आठ दिवस लॅपटॉप कपाटावर होता, आणि अण्णा भिंतीकडं तोंड करून झोपून असायचे. आता बोटंही वाजवत नव्हते. मीच ओरडले होते ना वाजवू नका म्हणून. आता ती वाजावीत म्हणून मी कान देऊन बसायचे.

शेवटी मी लॅपटॉप पिशवीत घालून कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या एका बाईंकडं गेले. माझ्याच वयाच्या असतील, समोर रांग, तोंडात बडीशेप. मी सगळं सांगितलं. त्यांनी न थांबता टाइप करता करता ऐकलं आणि विचारलं, "तुमचे वडील टाइपरायटरवाले का?"

"व्हय," मी म्हणाले. घाबरले की माझ्या तोंडातून वैजापूर बाहेर येतं.

"मंग त्यांचा कीबोर्ड येगळा असतो ताई. अक्षरांच्या जागाच येगळ्या. जन्मभर बसलेली बोटं हायत ती, ती काय आता नवीन शिकतील व्हय? त्यांना विचारलं नाय का, कोणता येतो म्हणून?"

"ते बोलू शकत नाहीत."

"बोलू नाय शकत. दाखवू तर शकतात."

मला उशी दिसली, ताटाची कड दिसली, दुकानातली काच दिसली. प्रत्येक वेळी दहाही बोटं आपापल्या जागी पडत होती. ते दाखवत होते. मी हात धरून उचलला होता.

बाईंनी जुन्या टाइपरायटरची मांडणी लॅपटॉपमध्ये पाच मिनिटांत बसवून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हत्या. "अन् ही बटनं लई बारकी हायत. येगळा मोठा कीबोर्ड जोडा," म्हणाल्या. येताना मी तोही घेतला. तो लॅपटॉपपेक्षा दीडपट लांब निघाला. मांडीवर कीबोर्ड आणि समोर स्टुलावर लॅपटॉप, अशी मांडामांड झाली. मी रकाने आखून काढलेलं वजन पाण्यात गेलं.

दुपारची वेळ होती, नवरा कामावर. अण्णांनी आधी एकच ओळ टाइप केली, पडद्याकडं बघितलं, आणि ती बरोबर उमटलीय हे दिसल्यावर डोळे मिटून थोडा वेळ बसले. मग सुरू झाले. मी चहा ठेवायला गेले. मला वाटत होतं, काय लिहितील? औषधाचं काही, जेवणाचं काही. की मला दोन शब्द? परत आले तर त्यांनी पडदा माझ्याकडं फिरवून ठेवला होता.

"प्रति, मा. कन्या, मुक्काम संभाजीनगर. विषय : अर्जदारास वैजापूर येथील राहत्या घरी जाऊ देणेबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, अर्जदार हे ऑपरेशननंतर आपल्या घरी वास्तव्यास आहेत. त्यांना जेवणाखाण्याची कोणतीही तक्रार नाही. नळीची साफसफाई अर्जदार आरशात बघून स्वतः करू शकतात. घराच्या ओट्यावर लोक अर्ज लिहून घेण्यास येतात, ते सध्या परत जात असतील. सदर बाब अर्जदाराने वेळोवेळी कळविण्याचा प्रयत्न केला असता, त्याची दखल घेण्यात आलेली नाही. तरी योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती. आपला विश्वासू, अर्जदार."

मला आधी हसू आलं. मग मी तिथंच खाली बसले. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले. स्वतःसाठी काही मागायची वेळ आली तेव्हा त्यांच्या बोटांना हीच एक भाषा येत होती. "महोदया" मी होते.

"बघू, अण्णा," मी म्हणाले.

बघू. ओट्यावर येणारी माणसं हेच सांगायची, साहेब म्हणले बघू, आणि अण्णा त्यांना दुसरा अर्ज करून द्यायचे. मला काय करता येणार होतं? त्यांना पाठवलं आणि नळी तुंबली तर? तोंडातून आवाज निघणार नाही, दार वाजवायला उठता येणार नाही, शेजारी भिंतीपलीकडं टीव्ही बघत बसलेले असतील. नाही पाठवलं तर ते इथं, माझ्या भिंतीकडं तोंड करून. नोकरी सोडून तिकडं जाऊन राहावं, तर ते घरात जमण्यासारखं नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि प्रत्येक बाजूला भिंतच होती.

पुढच्या सोमवारी पडद्यावर "स्मरणपत्र क्र. १" होतं. त्यानंतरच्या सोमवारी क्र. २. मी प्रत्येक वेळी चहाचा कप पुढं करायचे आणि दुसरंच काही बोलायचे. क्र. ३ मध्ये एकच ओळ होती : "निर्णय काहीही असो, तो लेखी कळवावा."

त्या दिवशी मी कीबोर्ड माझ्या मांडीवर घेतला. काय लिहायचं हे ठरलं नव्हतं, पण आता तोंडी टाळणं शक्य नव्हतं. मी ‘न’ दाबायला गेले तर ‘द’ उमटला. पुसला. पुन्हा दुसरंच काहीतरी. त्यांची अक्षरं कुठं आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही आला, या यंत्राचा, स्वतःचा, त्या मेल्या गाठीचा.

अण्णांनी कीबोर्ड हळूच स्वतःकडं ओढला आणि भिंतीकडं बघत टाइप केलं : "प्रति, अर्जदार. विषय : आपल्या अर्जाबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की,"

तिथं स्वल्पविराम देऊन त्यांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. मग बोटानं मला ‘न’ कुठं आहे ते दाखवलं. आणि ‘ह’ कुठं आहे तेही दाखवलं. नाही लिहायचं असेल तर नाही, हो लिहायचं असेल तर हो. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

ती दोन्ही अक्षरं आता मला न बघता सापडतात. स्वल्पविरामापुढं मी अजून काही लिहिलेलं नाही. आज सोमवार आहे, आणि आतल्या खोलीतून कीबोर्डचा आवाज येतोय.