रंभाजीची बगळ्याची चाल

आमच्या फडात मी राजा व्हायचो आणि रंभाजी सोंगाड्या. मला टाळ्यांसाठी घसा फोडावा लागे; त्याला नुसतं चालत यावं लागे. गुडघे वर घेत, पाऊल फटकन् टाकत तो आला की नेवाशाच्या जत्रेत माणसं एकमेकांच्या अंगावर पडत. "प्रवरेकाठी बगळे बघून कमावली ही चाल," असं तो सांगे. तिच्यासाठी त्याने शिष्यही धरले. सगळे वाया गेले, असं त्याचं मत.

आता तो भिंगारला मुलाकडे असतो. नात निकिता सहावीत गेली आणि तशीच चालू लागली, अडखळू लागली, पडू लागली. शाळेत म्हणाले, नाटकं करते. मुलगा प्रवीण म्हणाला, हे बायकोच्या, सीमाच्या, माहेरचं. मालिशवाले झाले, ताकदीची इंजेक्शनं झाली. पोर पडतच राहिली आणि दर वेळी सुनेच्या माहेराचा उद्धार होत राहिला.

शेवटी नगरच्या नसांच्या डॉक्टरीणबाईंनी निकिताचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट ऐकायला मीही गेलो. अशा प्रसंगाला प्रेक्षक हवा.

"जनुकात एक बदल दिसतोय," बाई म्हणाल्या. "पण आजार त्याच्यामुळेच का, हे ठरवायला घरात आणखी कुणाला त्रास आहे का ते कळायला हवं. असं कुणी चालायचं?"

"आमच्यात? छे! खानदान ठणठणीत आहे आमचं. हिच्या माहेरी विचारा," प्रवीण म्हणाला.

"माझा बाप अजून नारळाच्या झाडावर चढतोय," सीमा म्हणाली.

मी रंभाजीकडे पाहिलं. उभ्या आयुष्याची कीर्ती त्या चालीवर उभी होती. निकिता आपले पाय खुर्चीखाली लपवत होती. ते त्याने पाहिलं, चपला काढल्या आणि खोलीभर चालून दाखवलं. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

"कुठे शिकलात हे?" बाईंनी विचारलं.

"शिकलो न्हाई, बाई. माझा बाप बी असाच चालायचा. बगळा आपला लोकांना सांगायला."

बाईंनी त्याच्या तळव्याची उंच कमान पाहिली, वाकडी बोटं पाहिली. "प्रवीणराव, आता तुम्ही मोजे काढा."

प्रवीणला नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन करायचा होता. सीमाने मोजे ओढले. बोटं थेट बापाची!

दोघांच्या रक्तातही तोच बदल निघाला. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. पण पाऊल उचलून धरणारे पट्टे, व्यायाम आणि मापाचे बूट दिले. इंजेक्शनं बंद केली. गल्लीत बातमी पोचली, तेव्हा प्रत्येकाला ती आधीपासूनच ठाऊक होती.

पुढे एका सकाळी निकिता पट्टे बांधून गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि न पडता परत आली.

"काय बेचव चालती पोरगी, राजे," रंभाजी मला म्हणाला. "एक हशा न्हाई."

आणि ओट्यावर काठी आपटून ओरडला, "वन्स मोअर!"